मेणाचा शेवटचा हात

होडी साच्यातून निघेना. मिस्त्रीनं लाकडी पाचरी ठोकल्या, फटीत पाणी सोडलं, क्रेननं वर ओढून पाहिलं. कडा सुटल्या, पण तळाशी ती चिकटली ती चिकटलीच.

होडी मिस्त्रीच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. बांधली मिस्त्रीनं, पण डोकं दादाचं. छोटी, शिडाची, दोघं निवांत झोपतील एवढी खोली. तळाखाली शिशाचं जड पातं. वाऱ्यानं कितीही आडवं पाडलं तरी पठ्ठी परत उभी राहणार. पैसेवाल्यांच्या होड्या दादानं जन्मभर आखल्या. ही साध्या माणसाची. एका साच्यातून पन्नास काढायच्या, हा त्याचा हट्ट. आधी लाकडाचा नमुना केला, तोही दादानं हातानं तासत तासत कागदावरच्या आखणीपासून पार लांब नेला. नमुन्यावरून साचा काढला आणि नमुना फोडून टाकला. आता त्या आकाराला जगात साच्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

फायबरचे थर चढवायच्या आधी साच्याला मेण लावतात, नाहीतर माल चिकटून बसतो. मेणाचा शेवटचा हात दादाचा, हा कारखान्याचा रिवाज. फुप्फुसं पार कामातून गेलेली, चार पावलांत धाप लागायची, तरी त्या दिवशी आला. वाकून, हात लांबवून पुसत राहिला. मिस्त्रीनं मागून तपासलं नाही. दादाच्या हातामागं हात फिरवायचा म्हणजे बापाच्या ताटात मीठ घालण्यासारखं.

जिथं पातं बसतं त्या खोल वळणात दादाचा हात पोचलाच नव्हता.

कारखान्याच्या भिंतीला लागूनच दादाची खोली. मिस्त्री पलंगाशी जाऊन बसला आणि म्हणाला, चूक माझी, एका जागी मेण लावायचं राहिलं.

"शेवटचा हात माझा होता," दादा म्हणाला. "खोटं बोलायचं तर जमेल असं तरी बोल, गाढवा."

वहिनी उशी सारखी करत होती, ती हसली आणि लगेच तोंड फिरवून बाहेर गेली. दादानं श्वास गोळा केला. म्हणाला, होडी काप, साचा वाचव. एक होडी म्हणजे काय, खेळणं. मिस्त्री म्हणाला, दुसरी व्हायला पावसाळा उलटेल. दादा म्हणाला, उलटू दे.

डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

मिस्त्री परत आला, करवत हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. होडी कापली तर दादा पाण्यावर काहीच न बघता जाणार. साचा कापला तर पन्नासांची एकच उरणार. आणि लपवायची सोय नाही. होडीचं अंग पातळ, करवत लागली की किंचाळतं. साचा जाड, त्याचा आवाज घोगरा. भिंतीपलीकडच्या माणसानं हेच आवाज ऐकत केस पिकवले होते.

त्यानं साच्याला करवत लावली.

घोगरा आवाज निघाला. वीतभर कापून झाल्यावर हातच चालेना. भिंतीपलीकडं खोकलाही नाही. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच थांबला. मग वहिनी दारात आली. पदर नाकाला लावलेला.

"ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं. भिंतीकडं तोंड करून पडलेत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अर्ध्यात थांबू नकोस म्हणावं त्याला. चिरलेला साचा न् चिकटलेली होडी, दोन्ही चुलीत घालायच्या लायकीची. न् हळू काप म्हणाले. होडीला ओरखडा यायला नको."

मिस्त्रीनं तोंडावरचं फडकं वर ओढलं आणि करवत पुन्हा त्याच चिरेत घातली.