रफीराचा सातवा महिना

सोरिनाने बाळंतपणाची काळजी घेणाऱ्या फोनवरच्या नव्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा आवाज घातला होता, घरच्या रोमानी बोलीत. गरोदर बायकांना वाचता येवो न येवो, फोनने बोलायलाच हवं, असं तिने ते अ‍ॅप बनवणाऱ्या शहरातल्या कचेरीत ठणकावून सांगितलं होतं. पोरगी याच रोमा वस्तीतली, तरी एक गोष्ट साफ विसरली. रफीराच्या घरात फोन एकच, आणि तो गरोदर सुनेकडे नाही, सासूच्या म्हणजे रफीराच्या झग्याच्या खिशात.

अ‍ॅपच्या चाचणीच्या दिवशी सोरिनासकट अंगणात सगळे जेवत असताना तो खिसा बोलला. "बाई गं, तुला सातवा लागला."

रफीराच्या नवऱ्याचे, ग्रिगोरेचे, तांब्याच्या कढया ठोकून कान गेले होते. पण एवढं त्याला नेमकं ऐकू आलं. त्याचा चमचा हवेतच राहिला.

सोरिनाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सुनेच्या पोटाचा विषय सासऱ्यासमोर! इकडे पोट नाकापर्यंत आलं तरी पुरुषांसमोर ते नसतंच. सून, नार्चिसा, पातेलं घेऊन पाठमोरी झाली.

"या वयात?" ग्रिगोरेने बायकोला विचारलं.

"तुमचं काय जातंय? जेवा मुकाट्याने."

फोन थांबेना. "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?" सोरिना तो बंद करायला धावली, तर रफीराने तिचा हात झटकला. तिची नजर सुनेवर होती. नार्चिसाने जेमतेम मान हलवली.

"दुखतं की माझं डोकं," रफीरा मोठ्यांदा म्हणाली आणि होकाराचं हिरवं बटण दाबलं. "आणि मी अशी खुळी, कुणाला बोललेही नाही."

"हात सुजलेत का?"

सुनेची अंगठी बोटात रुतली होती. "सुजलेत माझे," रफीरा म्हणाली. तिने पुन्हा हिरवं बटण दाबलं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा." हे वाक्य सोरिनाने स्वतःच बोलून ठेवलं होतं. वाढलेला रक्तदाब आई आणि बाळ दोघांनाही नेतो, हे तिला ठाऊक होतं.

"मला घेऊन चला," रफीरा नवऱ्याला म्हणाली. "सून येईल सोबतीला."

ग्रिगोरे अर्धं जेवण टाकून उठला. गाडी त्याने अशी हाकली की रफीरा वाटभर त्याला शिव्या देत होती.

दवाखान्याच्या दारात नर्सने विचारलं, "गरोदर कोण?"

"माझी बायको," ग्रिगोरे छताकडे बघत म्हणाला. "पण आधी सुनेला तपासा. हात जोडतो बाई, लवकर तपासा तिला."