तारामतीचं रडणं

पडद्यावर देविकानं दारात आलेल्या पाहुणीच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या खांद्यावर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. इकडे तारामतीच्या मांडीवरचे पॉपकॉर्न खाली सांडले.

"आये गं, लातूरच्या गाडीचा टायम मला आता कोण इचारंल गं," देविका रडत होती. "माझ्या पिशवीत शेंगाची पुडी कोण कोंबंल गं."

आणि मग ती थांबली. हुंदका नाही, आवाज नाही. चार-पाच क्षण नुसती त्या बाईला धरून उभी राहिली. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या बाजेकडे बघत अगदी हळू म्हणाली, "निजलीस का गं?"

अख्खं थिएटर मुसमुसायला लागलं. शेजारच्या खुर्चीत पंचशीलाताईंनी पदर डोळ्याला लावला. भोकरच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात त्या आणि तारामती दोघी लिपिक, चौदा वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसणाऱ्या. देविका नांदेडची मुलगी, तिला या भूमिकेसाठी मोठा पुरस्कार मिळालेला, म्हणून सगळा स्टाफ जीप करून सिनेमा बघायला नांदेडला आला होता.

"काय रडली ओ बाई," पंचशीलाताई म्हणाल्या. "आतडं पिळून राहिली."

तारामतीच्या अंगाचा तिळपापड होत होता. ते रडणं तिचं होतं. शब्द तिचे, कपाळ आपटणं तिचं, ते मधेच थांबणंसुद्धा तिचं. भोकरच्या जागी लातूर घातलं होतं, तेवढाच काय तो बदल.

देविकाचा हेवा करणं हे तारामतीचं जुनं काम होतं, नोकरीपेक्षाही जुनं. दोघी नांदेडला एकाच कॉलेजात होत्या. देविका वकिलाची लेक, शहरात राहणारी, शुद्ध बोलणारी. तारामती उमरीजवळच्या खेड्यातली, होस्टेलवर डबा खाणारी. पण शिवमूर्ती सरांनी बसवलेल्या एकांकिकेत आईचं मुख्य काम होतं तारामतीला आणि देविकाला होती शेजारणीची चार वाक्यं. लातूरच्या युवक महोत्सवात अभिनयाचं पहिलं बक्षीस तारामतीनं घेतलं. परत येताना एसटीत सर दोघींना म्हणाले होते, "देविका, हिच्याकडून शिक. रडताना ही दम धरते. आपण थांबलो की बघणारा रडतो, हे हिला न सांगता कळतं."

मुंबईच्या ऑडिशनची चिठ्ठी सरांनी दोघींनाही दिली. त्याच माघात तारामतीचं लग्न दयानंदशी ठरलं, भोकरला खताच्या दुकानाचा मालक, माणूस सरळ. देविका एकटीच गेली.

पुढची एकोणीस वर्षं तारामतीनं देविकाची एकही मालिका चुकवली नाही. पहिल्या मालिकेत ती नायिकेची नणंद होती, नुसतं नाक मुरडायचं काम. "ते तिला जमतंच, उपजतच हाय," असं तारामती सासूला म्हणाली होती. मग वॉशिंग पावडरची जाहिरात आली, मग दुसरी मालिका, मग मुख्य भूमिका. देविका रडायला लागली की तारामती हातातलं काम टाकून टीव्हीसमोर यायची आणि कुठं चुकतंय ते बघायची. घाईघाईत रडते, डोळ्यांत ग्लिसरीन दिसतं, आवाज घशातून येतो. एकदा एका मालिकेतून देविकाला काढून दुसरीच बाई आणली, तेव्हा तारामतीनं शिरा केला होता. कशाचा म्हणून दयानंदानं विचारलं तर म्हणाली, "रवा संपवायचा होता."

लोकांसमोर मात्र ती देविकाची मैत्रीण होती. दाखला न्यायला आलेल्या पोरींना शिक्का मारता मारता सांगायची, "आमच्याच ग्रुपमधली ती." पोरींना कौतुक वाटायचं, आणि रागानं पुढचा शिक्का जरा जोरात बसायचा.

गेल्या वर्षी तारामतीची आई गेली.

माहेराकडे रीत अशी की मयताच्या घरी भेटायला कुणी आलं की घरातल्या बाईनं तिच्या गळ्यात पडायचं आणि गेलेल्या माणसाचे गुण आठवून, बोलून रडायचं. तारामतीला ते जमेना. आई गेल्यापासून तिच्या आत सगळं दगड होऊन बसलं होतं. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या, ही नुसती पाठीवरून हात फिरवायची. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, कुणीतरी ओसरीवर म्हणत होतं, "शिकलेली हाय ना, तिला कुठून येतंय रडाया." देगलूरकडून या घरात आलेली तिची चुलती गौरम्मा तेवढी तिच्या बाजूनं बोलली, "उगं राहा. ज्याचं त्याला ठावं."

पाचव्या दिवशी दारात पांढरी गाडी थांबली आणि देविका उतरली. वडिलांना भेटायला नांदेडला आली होती, तिथं तिला कळलं. फिकट साडी, चेहऱ्याला काही लावलेलं नाही, तरी सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. पोरं भिंतीवर चढली. बायकांनी तारामतीच्या आईला विसरून माना वळवल्या.

तारामती उठली. त्या क्षणी तिच्यात काय झालं हे तिनं नंतर स्वतःलाही कितीतरी दिवस सांगितलं नाही. ती पुढं गेली, तिनं देविकाच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला सुरुवात केली. भोकरच्या गाडीचा टायम, शेंगाची पुडी, एकेक शब्द जागच्या जागी पडत गेला. आवाज कुठं चढवायचा ते तिला माहीत होतं. भोवतीच्या बायका हंबरडा फोडायच्या बेतात आल्या, तेव्हा ती थांबली. दम धरला. एक, दोन, तीन, चार. मग बाजेकडे बघितलं. "निजलीस का गं?" आणि सगळी ओसरी कोसळली. पदराआडून तारामतीनं देविकाचा चेहरा पाहिला. देविका तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती, एकांकिकेच्या तालमीत बघायची अगदी तशी.

इतक्या वर्षांतलं तिचं सगळ्यात चांगलं काम तिनं आईच्या सुतकात केलं होतं. त्याची लाज वाटली. पण लाजेच्या खाली, कितीही नाकारलं तरी, समाधानही होतं.

सिनेमा बघून घरी आल्यावर तिनं दयानंदाला सांगितलं, "तिनं माझं रडणं चोरलं."

दयानंद चप्पल काढत होता. "रडणं कसं चोरता येईल? आन् तू तर खरीखुरी रडलीस. तिनं नाटक केलं. तुझं काय गेलं त्यात?"

खरं उत्तर दिलं असतं तर ती आईच्या मयतीत नाटक करणारी लेक ठरली असती.

आठ दिवसांनी देविकाचाच फोन आला. "तारे, रविवारी नांदेडला माझा सत्कार आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय. तू आल्याशिवाय मी बोलणार नाही, सांगून ठेवते."

"बघते," तारामती म्हणाली, आणि त्याच दिवशी दुकानातून नवी साडी घेऊन आली. तिनं मनाशी ठरवलं होतं. सगळ्यांसमोर नाही, पण निदान देविकाच्या तोंडावर सांगायचं, की बाई, तुला जे बक्षीस मिळालं ते माझ्या अभिनयाचं आहे. मी रडले नव्हते, मी काम केलं होतं. जगात एका माणसाला तरी ते कळलं पाहिजे. आणि ज्याला कळेल असं माणूस देविकाखेरीज दुसरं नव्हतं, कारण शिवमूर्ती सर जाऊन सहा वर्षं झाली होती.

रविवारी हॉल भरला होता. हार झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. मग देविका माईकपाशी आली.

"सगळे विचारतात, तो प्रसंग कसा केलास," ती म्हणाली. "मी केलाच नाही. माझ्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली होती. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खऱ्या दुःखापुढं अभिनय किती खोटा असतो. मी फक्त तिचं खरेपण उचललं. तिला विचारून घ्यायला हवं होतं, तेवढं धाडस झालं नाही. आज सगळ्यांसमोर माफी मागते. तारा, उभी राहा गं."

तारामती उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत पंचशीलाताई रडत होत्या, दयानंद मान ताठ करून बघत होता. माफी मनापासूनची होती, हे तारामतीला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला ती सोसवेना. देविकानं तिला सगळं परत दिलं होतं, हवं ते सोडून.

कार्यक्रमानंतर देविका गर्दीतून वाट काढत आली आणि तिचे दोन्ही हात धरले. "रागावलीस का?"

आता बोलायचं होतं. तारामतीनं तिच्याकडे बघितलं. देविकाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पावडरमधूनही दिसत होतं.

"मी त्या दिवशी कुठं थांबले, ते ध्यानात हाय का तुझ्या?" तारामतीनं विचारलं.

"थांबलीस तिथंच तर मी मेले," देविका म्हणाली. "दिग्दर्शक म्हणत होता, इतका वेळ थांबू नको. मी म्हटलं, नाही, ती एवढंच थांबली होती. तुला श्वासच येत नव्हता गं तेव्हा."

"हाव," तारामती म्हणाली. "श्वासच येत नव्हता."

भोकरला परतताना दयानंद वाटभर खुशीत बोलत होता.

दिवाळीनंतर गौरम्मा काकू गेली. ऑफिसात फोन आला तशी तारामती हातातलं काम टाकून निघाली. आई गेल्यावर माहेरचं दार या काकूनंच उघडं ठेवलं होतं. उमरीच्या एसटीत तिला डोळे आवरेनात. कंडक्टरनं सुट्टे मागितले नाहीत, तिकीट देऊन तो पुढं गेला. या वेळी आत दगड नव्हता. गावात पोचेपर्यंत रडणं अगदी ओठाशी आलं होतं.

"तारा आली, तारा आली," दारातल्या बायका कुजबुजल्या. त्यांनी सरकून वाट केली. आसपासच्या आळीतल्याही आल्या होत्या. दोन बायकांनी पुढं बसायला मिळावं म्हणून पोरं मांडीवर घेतली. भावाची लेक वर्षाराणी खांबाला टेकून उभी होती, हातात फोन, आडवा धरलेला.

"रडून घे माय," एक म्हातारी म्हणाली. "सगळ्या थांबल्यात तुझ्यासाठी."

तारामती उंबऱ्याशी उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, ओसरी गप्प झाली होती, आणि डोळ्यांत खरं पाणी होतं. असा प्रसंग तिनं एकोणीस वर्षं मागितला होता. आवाज घशापर्यंत आला. तिनं तोंड मिटून घेतलं.

ती काकूच्या पायाशी जाऊन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. पुन्हा कुणी उचलून नेऊ नये म्हणून गप्प बसली, की काकूसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बायका वाट बघून कंटाळल्या. "मोठी झाली आता," कुणीतरी म्हणालं, "आपल्यात कशाला रडंल." वर्षाराणीनं फोन खाली केला.

काकूच्या पायांचे अंगठे बांधलेला दोरा सैल पडला होता. तारामतीनं तो सोडला, पाय जुळवून धरले आणि पुन्हा नीट बांधला.