लिंबूबाबांची सत्त्वतुला

त्या संध्याकाळी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. दंडबैठकांच्या जागी सतरंज्या अंथरल्या होत्या, डंबेल्स कोपऱ्यात ढकलून त्यांच्यावर लोकांनी खुशाल पिशव्या ठेवल्या होत्या आणि समोर, पिवळ्या कापडाने झाकलेल्या टेबलावर, सत्त्वतुला उभी होती. म्हणजे साधा दोन पारड्यांचा तराजू. पण त्याला तराजू म्हणणाऱ्याकडे लोक अशा नजरेने बघत, की पुढच्या खेपेला तोही बिचारा मुकाट्याने तुलाच म्हणे.

टेबलामागच्या खुर्चीत लिंबूबाबा बसले होते. पिवळा झगा, पिवळी शाल, आणि गळ्यात लिंबांची माळ. दाराशी त्यांचा मेहुणा सिद्ध केलेली लिंबं विकत होता. सिद्ध लिंबू आणि साधं लिंबू यांत फरक एवढाच, की सिद्ध लिंबाचा भाव करता येत नसे.

"दूध म्हणजे काय?" बाबांनी सुरुवात केली. "गाईने वासरासाठी काढलेलं अन्न! तुम्ही वासरं आहात का?"

"नाही!" हॉल गरजला.

"आणि लिंबू? लिंबू म्हणजे सूर्याने स्वतः बांधून दिलेली पुडी! लिंबाचा एक थेंब पडला की पातेलंभर दूध फाटतं. फाटतं की नाही?"

"फाटतं!"

"पण दुधाचा थेंब पडून लिंबू फाटलेलं कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला दूधवाला तेवढा पुटपुटला, "बाबांच्या डोक्यावर पातेलं फुटलेलं तरी बघू द्या कधीतरी." महिन्याभरात त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती.

आजी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. आज तिचा मान होता. रोज एका भक्ताला पुढे बोलावून त्याच्याच हाताने लिंबाची आणि दुधाची तुला करायची, ज्याचं पारडं खाली त्यात सत्त्व जास्त, अशी बाबांची पद्धत. त्यामुळे हातचलाखीचा संशयच नको! आजी महिनाभर न चुकता येत होती, तेव्हा कुठे तिचा नंबर लागला होता.

पण आजीला धास्तीही होती, आणि ती धास्ती तिच्या शेजारीच सून होऊन बसली होती. सुनेच्या मांडीवर दीड वर्षाची चिमी होती. सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती दिवसभर शाळेत, मुलगा कारखान्यात, म्हणून चिमी आजीच्या हवाली. नात म्हणजे आजीचा जीव की प्राण. त्या जिवापोटीच आजीने चिमीचं दुपारचं दूध बंद करून तिला साखर घातलेलं लिंबूपाणी द्यायला सुरुवात केली. सुनेला पत्ता नव्हता. मग चिमीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, पोर दिवसभर किरकिरायला लागली, आणि एका रविवारी सुनेने स्वयंपाकघरात दुधाचं भरलेलं पातेलं बघून विचारलं, "सासूबाई, हे उरलं कसं?"

त्यानंतर घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावताही ऐकलं. मुलाने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. शेवटी सून म्हणाली, "ठीक आहे. तुमचे बाबा मला दाखवा. पण मला पटलं नाही, तर सोमवारपासून चिमी पाळणाघरात. मग भांडू नका."

पाळणाघर! आजीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. दिवसभर त्या रिकाम्या घरात ती करणार काय होती? आज तुला अशी झाली पाहिजे, की सूनबाईची बोलतीच बंद झाली पाहिजे.

"आजच्या भाग्यवंत माताजींना पुढे येऊ द्या!" बाबांनी पुकारा केला.

आजी उठली. मेहुण्याने तिच्या उजव्या हातात लिंबू दिलं, डाव्या हातात दुधाने काठोकाठ भरलेला पेला. बाबांनी डोळे मिटले, हात आकाशाकडे केले आणि धीरगंभीर आवाजात सांगितलं, "आधी लिंबू. मग दूध. शुभ काम आहे, हाताचा कंप नको!"

आता आजी होती डावरी. लहानपणी त्यावरून तिने मार खाल्ला, लग्नानंतर टोमणे खाल्ले, पण सवय काही सुटली नाही. नाजूक काम आलं की डावा हातच पुढे यायचा. लिंबू पारड्यात अलगद ठेवायचं, हात थरथरायला नको, म्हणून तिने आपल्याही नकळत दोन्ही वस्तूंची अदलाबदल केली. लिंबू गेलं डाव्या बाजूच्या पारड्यात. टक् असा आवाज झाला. मग दुधाचा पेला उजवीकडच्या पारड्यात. ते पारडं असं दाणकन खाली बसलं, की दूध पिवळ्या कापडावर सांडलं.

"बघा!" डोळे मिटलेले बाबा गरजले. "लिंबू कसं पृथ्वीला भिडलं! आणि ते क्षुद्र दूध बघा, कसं वर लोंबकळतंय!"

हॉलमध्ये कुणीच टाळी वाजवली नाही.

"लोंबकळतंय की नाही?"

"बाबा," पहिल्या रांगेतला न्हावी चाचरत म्हणाला, "डोळे उघडता का जरा?"

बाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्यांचा चेहरा लिंबापेक्षा पिवळा झाला. पण माणूस मुरलेला. त्यांनी झटकन आजीकडे बोट केलं. "घात केलात, माताजी! डाव्या हाताने ठेवलंत! अशा अवलक्षणी हाताने सत्त्व पळून जातं. काढा तो पेला! उजव्या हाताने परत करा!"

अवलक्षणी! याच हाताने आजीने दोन मुलं वाढवली होती, नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला चमच्याने भरवलं होतं, आणि चिमीला आंघोळ घालतानाही हाच हात पुढे असायचा. आजीचं पित्त असं खवळलं, की बाबांचं बाबापण तिच्या नजरेतून एका क्षणात उतरलं.

"काढते ना," ती म्हणाली, आणि पेला उचलला.

पारडं हललं नाही.

रिकामं पारडं टेबलाला घट्ट चिकटून बसलं होतं आणि पलीकडे टपोरं लिंबू हवेत लटकत होतं. आजीने एकदा त्याच्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं.

"आता ह्यात कशाचं सत्त्व आहे हो?" तिने विचारलं. "हवेचं?"

न्हावी फिस्सकन हसला. बाबा दचकले, खुर्चीत सावरून बसले, आणि टुण्णकन रिकामं पारडं उडालं. लिंबू खाली येऊन घरंगळलं.

"अहो, कापडामागे गुडघा हलला!" चिमीला न्हाव्याच्या हातात देत सून ओरडली. "बाबांचा गुडघा हलला की पारडं हलतं!"

मेहुणा आडवा यायच्या आत आजीनेच पिवळं कापड खसकन ओढलं. टेबलाखाली, आजीच्या उजव्या बाजूच्या पारड्याच्या बरोबर खाली, बिजागरीवर बसवलेली एक फळी होती आणि फळीवर जुन्या लाउडस्पीकरचं भलंमोठं गोल चुंबक. बाबांनी गुडघा उचलला की चुंबक टेबलाच्या पातळ लाकडाला खालून भिडायचं आणि वरच्या लोखंडी पारड्याला धरून ठेवायचं. पारड्याला वरून पितळी मुलामा होता, म्हणून लोखंडाची शंका कुणाला आली नाही. बाकीचे सगळे भक्त उजव्या हाताने लिंबू त्याच पारड्यात ठेवत, आणि लिंबू जिंके.

मग जो गदारोळ झाला त्यात मेहुण्याने काढता पाय घेतला. बाबांनाही तो घ्यायचा होता, पण त्यांचा झगा बिजागरीत अडकला होता. दूधवाल्याने त्यांना मोठ्या आदराने धरून ठेवलं आणि पोलिसांना बोलवायला माणूस धाडला.

"पण बाई," न्हावी चिमीला सांभाळत म्हणाला, "लिंबाने दूध फाटतं ते तर खरंच ना?"

"फाटतंच की!" सून म्हणाली. "लिंबात आम्ल असतं, त्याने दुधातली प्रथिनं गोळा होतात. तुमच्या पोटातही आम्ल आहे. दूध पोटात गेलं की तिथेही ते असंच घट्ट होतं, आणि मग पचतं. त्यात हरण्याजिंकण्याचं काय आहे?"

"मग जास्त पौष्टिक काय? दूध की लिंबू?"

"कशासाठी? हाडांना कॅल्शियम हवं, अंग भरायला प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ हवेत, ते दुधात भरपूर. लिंबाच्या रसात नावापुरते. उलट क जीवनसत्त्व लिंबात छान असतं, दुधात जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसाने लिंबू जरूर खावं. पण वाढत्या पोराचं दूध काढून लिंबूपाणी दिलं, तर ते पोर सुकतं. ते बघायला तराजू लागत नाही, सासूबाई, पोराकडे बघितलं तरी कळतं."

शेवटचं वाक्य आजीला लागलं. लागायलाच हवं होतं.

घरी आल्यावर ती तडक स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभं राहून तिने दूध कोमट केलं आणि मागे न वळता म्हणाली, "सोमवारपासून ठेव तिला पाळणाघरात. मी पोरीला उपाशी मारलं असतं. तो माणूस मला माताजी म्हणायचा, पुढे बसवायचा. त्याला एक प्रश्न विचारावा असं मला महिनाभर वाटलं नाही."

"आज विचारलात की," सून म्हणाली. "भरल्या हॉलमध्ये. मला सुचला नव्हता."

आजीने डोळे पुसले. चिमीला मांडीवर घेतलं, कप तिच्या तोंडाला लावला. पोरीने तो दोन्ही हातांनी धरला आणि गटागट प्यायला लागली. आजीने एकदम मान वर करून सुनेकडे रोखून पाहिलं.

"काय गं, दुधात ते कॅल्शियम असतं म्हणालीस. तुला काय माहीत? तू बघितलंयस?"

मुलाने वर्तमानपत्र खाली केलं. आता सून चिडणार, असं त्याला वाटलं. पण सुनेचा चेहरा उजळला. असा प्रश्न विचारायला कुठली पदवी लागत नाही, आणि तो बाबाला विचारावा तसाच मास्तरणीलाही विचारावा, हेच तर ती वर्गात घसा कोरडा करून सांगत आली होती.

"मी मोजलेलं नाही," ती खुर्ची ओढत म्हणाली. "पण ते कसं मोजतात ते सांगते. पटलं नाही तर अडवा."

चिमी दूध संपवून मांडीवरच झोपली, तरी आजीचं अडवणं चालूच होतं.