चार बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोनच माणसांची गाडी आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या कुळातली, पण त्यांच्यातली सर्वांत धाकटी. माझे छत इतके ठेंगणे आहे की शेजारच्या काकू विचारत, "हिच्यात बसायचं, की हिला अंगात घालायचं?"

मला घडवणाऱ्यांनी मला हलके आणि चपळ केले. माझ्या मागच्या चाकांवरच्या स्प्रिंग मऊ होत्या. भार वाढला की त्या दबत आणि माझे मागचे अंग खाली बसे. तुम्हाला जीभ आहे. मला बोलायला तेवढे एकच साधन होते.

माझ्या मालकांना ते समजत असे. ते वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेकाका म्हणे. प्रवासाला निघण्यापूर्वी ते माझ्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसत आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत आडवा पंजा घालत. चार बोटे मावली की निघायचे. तीनच मावली की एक बॅग घरी ठेवायची.

"बाबा, घरभर काटे तुमचे, आणि गाडीला बोटं लावता?" त्यांची लेक हसायची.

"काटा बिघडतो, बाळ. बोटं मी रोज धुतो."

लेकीनेही ती रीत उचलली. तिचा पंजा इवलासा होता, म्हणून ती दोन्ही हात घालून मोजायची आणि दर वेळी वेगळा आकडा सांगायची. तेव्हा मी रोज पुसली जाई. माझ्या आरशात काटेकाका भांग पाडत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे लेक मोठी झाली. ती मातीकाम शिकली आणि तिने घरामागे भट्टी बांधली. एका सकाळी दाढी करताना काटेकाकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. लिहिता येईना, आणि सगळ्या शब्दांतून एकच शब्द उरला, 'हो'. चहा हवा असला तरी हो आणि नको असला तरी हो. लेक त्यांच्या डोळ्यांकडे पाहून अर्थ लावी. बहुतेक वेळा तो बरोबर निघे.

मग एका वाचनालयाच्या भिंतीचे काम तिला मिळाले. दोनशे चाळीस फरशा, आणि त्या जोडल्या की एक मोठे झाड होणार होते. वर्षभर ती त्या झाडात बुडालेली होती. फरशा पोचवायला घरात मी एकटीच होते. तिने मला मागे हूक बसवून घेतला आणि एक लहान ट्रेलर आणला. पहिल्या दिवशी फरशांच्या निम्म्याच पेट्या भरल्या, तरी मी मागून इतकी बसले की फटीत दोनच बोटे मावली. मला शक्य तेवढ्या मोठ्याने मी ओरडले होते. तिने ऐकले आणि ती मला गॅरेजात घेऊन गेली.

तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी ट्रेलर पाहिला, मला पाहिले आणि टोपी मागे सारली.

"ताई, हरणाला नांगराला जुंपताय."

"हरीण घरचं आहे, उस्ताद. बैल कुठून आणू?"

उस्तादांनी माझ्या मऊ स्प्रिंग काढून जाड, कडक स्प्रिंग घातल्या. शॉक ॲब्सॉर्बर नवे बसवले. काम नेटके होते, त्यात माझी तक्रार नाही. पण मोडलेल्या पायाला फळी बांधावी तसे मला वाटले. आता मला सहजी वाकता येत नव्हते.

"आता ही मागून बसायची नाही," उस्ताद हात पुसत म्हणाले. "पण ताई, स्प्रिंग बदलली म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. आणि ट्रेलर भरताना..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वाचनालयातून होता. ती फोन कानाला लावून दाराकडे वळली.

"...जड माल ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे ठेवा. हुकावर थोडं वजन राहिलंच पाहिजे, नाहीतर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. ऐकताय ना?"

"हो, हो," ती हात हलवून म्हणाली. मी शब्दन्‌शब्द ऐकला. माझ्या ऐकण्याचा काय उपयोग?

फरशा न्यायच्या सकाळी तिने काकूंच्या मदतीने सगळ्या पेट्या ट्रेलरमध्ये चढवल्या. ट्रेलर हुकावर टेकवून ती माझ्या चाकापाशी उकिडवी बसली. फटीत तीनच बोटे मावली. बाबांची रीत मोडायची नाही, म्हणून तिने पुढच्या चार जड पेट्या उचलून ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला नेल्या आणि पुन्हा मोजले.

"बाबा, बघा! मोजून चार!"

चार बोटे मावली होती खरी. पण भार कमी झालाच नव्हता. तो फक्त माझ्यापासून लपला होता. काटेकाकांची रीत माझ्या पाठीवरच्या बॅगांसाठी होती, मागून ओढायच्या ट्रेलरसाठी नव्हती.

काटेकाका पायरीवर बसले होते. त्यांनी मागे गेलेल्या पेट्या पाहिल्या आणि ते काठी टेकत खाली आले. चाळीस वर्षे तराजूंच्या दांड्या तोलण्यात गेलेला माणूस तो. हुकाची कडी अजून लावायची होती. त्यांनी डावा हात ट्रेलरच्या हुकावर टेकलेल्या दांड्याखाली घातला आणि दोन बोटांनी तो वर उचलला. दोनशे चाळीस फरशांचा ट्रेलर, आणि त्याचा दांडा पुठ्ठ्यासारखा उचलला गेला! दांडा तसाच धरून ते लेकीकडे बघत राहिले.

"अगंबाई!" काकूंनी टाळी वाजवली. "काय जोर आलाय काकांच्या हातात!"

"बाबा!" लेकीचे डोळे आनंदाने भरून आले. "डॉक्टरांना सांगायला हवं!" तिने दांडा त्यांच्या हातातून अलगद घेतला, हुकावर ठेवला आणि कडी लावली. "निघू ना मग?"

"हो," काटेकाका म्हणाले. त्यांनी माझा दरवाजा घट्ट धरला. "हो! हो! हो!"

तिने त्यांची बोटे एकेक करून हळूच सोडवली. "इतकी काय काळजी करता? पोचले की फोन करते."

मित्रांनो, त्या घटकेला त्या अंगणात दोघांना सगळे कळत होते. एकाला एकच शब्द येत होता आणि दुसरीला एकही नाही.

उतार लागेपर्यंत सारे ठीक होते. उतारावर एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर जरासा डावीकडे झुकला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. दर हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता. तिने घाबरून ब्रेक दाबला. मागचा सगळा भार माझ्यावर धावून आला, आणि मला पाय रोवता येईनात. आम्ही गर्रकन फिरलो. ट्रेलर उलटला. एका वर्षाचे झाड रस्त्यावर पसरले.

ती वाचली. पण तिचे डावे मनगट मोडले. चाकावरचा मातीचा गोळा ज्या हाताने आवळून धरतात, त्याच हाताचे.

मला ओढून पुन्हा उस्तादांकडे आणले. त्यांनी तिला ओरडा दिला नाही. एवढेच विचारले, "ताई, निघताना हुकावर वजन किती होतं? दांडा उचलून पाहिला होता कुणी?"

"बाबांनी. दोन बोटांनी," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती काटेकाकांना धरून माझ्याजवळ घेऊन आली. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये आणि त्यांचा उजवा लुळा. दोघे मिळून एका माणसाचे हात.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणत होतात ना?"

"हो," काटेकाका म्हणाले.

त्या एका वेळी तो शब्द नेमका बसला. पण वेळ टळून गेली होती.

आता मी ताडपत्रीखाली असते. मनगट बरे होईल, पण पूर्वीचा जोर येईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही. काटेकाका रोज येतात, ताडपत्रीची कड उचलतात आणि फटीत डावा पंजा घालतात. चार बोटे. रोज चारच. मग ते तिथेच बसून राहतात. त्यांच्या रीतीचा दोष नव्हता हे मला सांगायचे असते, पण मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू दबली, कुरकुरली, वाकली, तर तिचा आवाज बंद करण्याआधी ती काय म्हणते ते ऐका. आणि घरात कुणाकडे एकच शब्द उरला असेल, तर निघण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि त्याच्या हातांकडे बघा.