व्होद्रेच्या चित्रातला प्रॉम्प्टर

कॅनडातल्या मिल्टनच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात विश्वनाथ हीरो असतो. तो वाक्यं विसरतो आणि विंगेतून प्रमिलामावशी ती पुरवतात. प्रयोगानंतर तो लाइटवाल्यापासून चहा करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानतो, फक्त मावशींचे नाही. मानले तर तो विसरतो हे लोकांना कळेल.

"यंदा स्टेजवरून माझं नाव ऐकल्याशिवाय मी घरी जायची नाही," मावशी मला म्हणाल्या.

मी टोरांटोच्या एका संग्रहालयात जुन्या चित्रांचे रंग तपासते, म्हणून नेपथ्य माझ्या गळ्यात पडतं. विश्वनाथला दिवाणखान्याच्या भिंतीवर 'काहीतरी फ्रेंच, क्लासी' हवं होतं. मी व्होद्रे सुचवला. एकोणिसाव्या शतकातल्या या चित्रकाराने आयुष्यभर नाटकवालेच रंगवले. मी निवडलेल्या चित्रात नट छाती काढून उभा आहे आणि त्याच्या पायाशी, रंगमंचाच्या कडेला वाक्यं पुरवणाऱ्यासाठी ठेवलेल्या खोबणीतून, पांढरी टोपी घातलेल्या प्रॉम्प्टरचं डोकं वर आलंय.

"नट अगदी माझ्यासारखा दिसतो गं!" विश्वनाथ खूश झाला. खालचं डोकं त्याने पाहिलंच नाही.

चित्र कापडावर मोठं छापून घेतलं, प्लायवूडवर ताणलं आणि प्रॉम्प्टरचा चेहरा तेवढा कापून काढला. मागे बुटक्या स्टुलावर मावशी. त्यांच्या पावडरीत मी चिमूटभर हळद मिसळली. जुन्या वार्निशचा पिवळेपणा हुबेहूब जमला.

दुसऱ्या अंकात विश्वनाथ अडला. त्याने विंगेकडे पाहिलं. विंग रिकामी.

"इकडे रे, विश्वनाथ," भिंतीवरून आवाज आला.

"मॉम, द पेंटिंग इज टॉकिंग!" पहिल्या रांगेतून छोटी केया ओरडली.

विश्वनाथ वळला आणि जागीच थिजला. मग दातांतून पुटपुटला, "मावशी, वाक्य सांगा ना."

"सांगते. आधी मी कोण ते लोकांना सांग."

तो प्रेक्षकांकडे बघून हसला. "ही... ही आमच्या घराण्यातली फ्रेंच आजी."

"आजी असेल तुझी! नाव घे."

पुढे दीड पानाचं स्वगत होतं. विश्वनाथने हात जोडले. "मंडळी, या प्रमिला गायधनी. दर वर्षी मी बोलतो ते यांचंच असतं."

टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत मावशींनी दिलेलं वाक्य त्याला ऐकूच गेलं नाही.

"परत सांगा, मावशी," तो म्हणाला. या वेळी चांगला मोठ्याने.