अकीलाची कढई, साजिदचा बोर्ड

मी लोखंडाची कढई आहे, मित्रांनो, आणि माझे वय वीस वर्षांच्या वर गेले आहे. बार्शीटाकळीत जानराव नावाचे लोहार होते. त्यांची बायको जमुना भाता ओढायची आणि जानराव तापलेल्या लोखंडावर घण मारायचे. त्यांनी माझा तळ जाड ठेवला आणि दोन्ही कान ठोकून पक्के बसवले. बाजाराच्या दिवशी एका बाईने मला उचलून उलटे केले, बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाली, "पोरीच्या निकाहात देतो हे. जन्मभर पुरली पाह्यजे."

"तिच्या पोरीलेही पुरन, बाई," जानराव म्हणाले.

ती पोरगी म्हणजे अकीला. लग्न होऊन ती अकोल्यात आली आणि मीही तिच्याबरोबर आले. तिचा नवरा मुनव्वर पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करायचा. घरात ते हिंदी-उर्दू मिसळून बोलत आणि शेजाऱ्यांशी वऱ्हाडी. त्यांचे बोलणे मी तुम्हाला वऱ्हाडीतच सांगते.

अकीलाने मला कधी ओले ठेवले नाही. धुतले की कपड्याने पुसायची, चुलीवर क्षणभर गरम करायची आणि तेलाचा हात फिरवायची. म्हणून माझा रंग काळा आणि तुकतुकीत झाला. त्या काळात मला स्वतःचा फार अभिमान होता.

तिची मुलगी अलीझा चौथीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला एका मोठ्या हॉटेलात गेली आणि कुरकुरीत चिकन टेंडर्स खाऊन आली. घरी येऊन दोन दिवस तेच बोलत होती. अकीलाने तो पदार्थ कधी पाहिलाही नव्हता.

"कसं दिसते ते, सांग मले," ती म्हणाली. अलीझाने वहीत काढून दाखवले. बोटापेक्षा थोडे लांब आणि वरून खडबडीत.

पहिल्या वेळी तेल फार तापले. कवच काळे पडले आणि आत चिकन कच्चे राहिले. दुसऱ्या वेळी कवच सुटून तेलात वेगळेच तरंगू लागले. मुनव्वर म्हणाला, "राहू दे ना. हे दुकानातच चांगलं होते."

पुढचे कितीतरी शुक्रवार अकीला माझ्यासमोर उभी राहिली. कोंबडीच्या छातीचे दोन बोटे रुंद पट्टे कापायचे. दही, आलं-लसूण, तिखट आणि लिंबू लावून ते सकाळपासून मुरवायचे. मग मैदा आणि कॉर्नफ्लॉवर, मग अंडे, आणि शेवटी चुरा. हा चुरा तिने बेकरीतल्या साध्या टोस्टचा केला, हाताने, थोडा जाडसर ठेवून. सगळ्यात मोठी गोष्ट तिला उशिरा सापडली. चुरा लावल्याबरोबर तळायचे नाही. पट्टे पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे कवच धरून राहते. तेलात चुऱ्याची चिमूट टाकून पाहायची. ती हळू वर आली की एका वेळी चारच पट्टे सोडायचे. काढल्यावर कागदावर ठेवायचे नाहीत, जाळीवर ठेवायचे. आणि एकदा तळलेले तेल पुन्हा वापरायचे नाही.

शेजारच्या रागिणीने पहिला चांगला तुकडा खाल्ला आणि तोंडावर हात ठेवून हसली. "बाई, हे तं दाताखाली आवाज करते. तू हे शिकली कुठून?"

"कुठूनच नाही," अकीला म्हणाली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षे तिने भजी तळली, पुऱ्या तळल्या, पण असा चेहरा मी पाहिला नव्हता.

मुनव्वरचा धाकटा भाऊ साजिद मोबाईलची कव्हरे विकायचा. तो एकदा जेवायला आला, नऊ तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "भाभी, आपण दुकान टाकू. जठारपेठेत जागा पाहून राहिलो मी. बोर्डावर तुमचंच नाव. अकीला किचन."

अकीला म्हणाली, "माह्यं नाव कायले?" पण त्या दिवशी ती मला घासताना गुणगुणत होती.

साजिद आठवडाभर येऊन बसला आणि प्रत्येक वस्तूचे माप मोबाईलमध्ये लिहून घेतले. अकीलाने काहीही लपवले नाही. नव्या दुकानासाठी तिने मलाही दिले. "तिच्यातच चांगलं होते," ती म्हणाली.

दुकान उघडले तेव्हा बोर्डावर 'साजिद क्रिस्पी' लिहिले होते. अकीला बोर्डाखाली उभी राहून वाचत होती. साजिद म्हणाला, "भाभी, बाजारात माणसाचं नाव चालते. मसाला तं तुमचाच हाय ना." ती घरी मसाला करून पाठवू लागली. तळायला एक नोकर ठेवला. अकीलाला कोणी चुलीजवळ बोलावले नाही.

दुकान धो धो चालले. सकाळपासून रात्रीपर्यंत मी आगीवरून उतरत नव्हते. पहिले काही दिवस तेल रोज बदलले. मग दोन दिवसांनी, मग चार दिवसांनी. माझ्या काठावर चिकट काळा थर चढला. तेलातून धूर यायचा तो कडवट होता. मला घासायला कोणाला वेळ नव्हता. रात्री तेल डब्यात काढून माझ्यात पाणी ओतून ठेवायचे आणि सकाळी तेच तेल पुन्हा ओतायचे.

एके दिवशी एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीने इथले चिकन खाल्ले होते आणि ती तीन दिवस सलाईनवर होती. ते आरडाओरडा करत नव्हते, म्हणूनच सगळे गिऱ्हाईक ऐकत होते, त्यात शेजारची रागिणीही होती. साजिदने हात जोडले आणि म्हणाला, "काका, दुकानात सगळं साफ आहे. मसाला आमच्या भाभीच्या घरून येते. तिच्याकडूनच काही झालं असन."

मी तिथेच होते, मित्रांनो. माझ्या पोटात आठवडाभराचे तेल होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकीला दुकानात आली. मागून मुनव्वरही आला.

"रागिणीनं सांगितलं मले. माह्यं नाव काहून घेतलं तू?"

"भाभी, गिऱ्हाईकासमोर काई तरी सांगा लागते. तुमाले कोण ओळखते इथं?"

अकीलाने माझ्यात वाकून पाहिले. मग ती शांतपणे म्हणाली, "चांगल्याच्या टायमाले माह्यं नाव नाही आलं, साजिद. फक्त वाईटाच्या टायमाले आलं. हे तेल फेक."

कोणी हलले नाही. ती नवऱ्याकडे वळली. मुनव्वर जमिनीकडे पाहत म्हणाला, "घरी चाल."

त्या दिवसापासून तिचा मसाला येणे बंद झाले. मला वाटले, आता दुकान बसेल. पण तसे झाले नाही. नोकराने मापे पाहून मसाला कुटला, गिऱ्हाईक खात राहिले. चवीतला फरक कोणाला कळला असेल तर त्याने सांगितले नाही.

पुढे विजेवर चालणारी तळायची मशीन आली. साजिदने माझ्या पोटात ड्रिलने दोन भोके पाडली, मला सोनेरी रंग फासला आणि गल्ल्याच्या वर टांगले. खाली पाटी लावली: 'याच कढईत साजिदभाईंनी पहिले टेंडर्स तळले.' साजिदने आयुष्यात कधी शेगडीही पेटवली नव्हती.

यंदा दुकानाच्या वाढदिवसाला त्याने सगळ्या नातेवाइकांना बोलावले. अकीला येणार नव्हती, मुनव्वरने तिला आग्रह करून आणले. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. साजिद सांगत होता, "लहानपणापासून शौक होता मले."

अलीझा आता अकरावीत आहे. ती पुढे होऊन म्हणाली, "चाचू, चुरा लावल्यावर किती वेळ ठेवता?"

"लगेच तळतो ना, गरमागरम," साजिद हसत म्हणाला. सगळे हसले. अकीलाने मुलीचा हात धरून तिला मागे घेतले.

जाताना ती माझ्याखाली थांबली. पाटी वाचली. हात वर करून मला चाचपले आणि भोकावर तिचे बोट थांबले.

"अम्मी, मी मागतो चाचूले. घरी नेऊ हिले," अलीझा म्हणाली.

"भोक पाडलं तिले. तेल राहणार नाही आता," अकीला म्हणाली, आणि ती गेली. मला तिचा थोडा राग आला, खोटे कशाला बोलू. पण तिचे बरोबर होते.

मित्रांनो, लोखंडाचे भांडे ओले ठेवू नका आणि जळके तेल पुन्हा तापवू नका, एवढे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात कोणी खपून काही शिकले असेल आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर जात असेल, तर तिथल्या तिथे बोला. मुनव्वर वाईट माणूस नव्हता. त्याला सगळे ठाऊक होते. मी लोखंड, मला त्या दुपारी बोलता आले नाही. त्याला येत होते.