उन्हाळ्याचे आठ दिवस

सेलूतल्या शाळेने उन्हाळ्याची सुट्टी आठ दिवसांवर आणून वर्षभर वर्ग भरवायचं ठरवलं, तेव्हा पालकांच्या सभेत सगळ्यांआधी हात वर केला तो गोपिकाने. नुसता हात वर करून बाई थांबली नाही, उठून बोललीही. दोन महिन्यांत पोरं पाढे विसरतात, वाचन विसरतात, सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी शाळेत गुंतली की भाजीच्या मळ्यात आपले हात मोकळे राहतात, हे मात्र तिने तिथे सांगितलं नाही.

आणि खोटं कशाला बोला, तिची लेक आचल सुधारली. अडखळत वाचणारी पोर घडाघडा वाचू लागली.

मे महिन्यात आष्टीकडून भावाचा, अंकुशचा फोन आला.

"बाबा रोज विचारून राह्यले, आचल कवा येते? नदीतल्या वाडीत तिच्या नावाचं टरबूज ठेवलं त्याईनं."

दरवर्षी गोपिकाचे वडील नत्थूजी नदीच्या वाळूत लावलेल्या कोवळ्या टरबुजावर नखाने नातीचं नाव कोरत. फळ वाढे तसं नाव वाढे, आणि आचल आल्याबरोबर ते फोडे.

"शाळा सुरू हाय रे. सुट्टीचे आठ दिवस वांगे तोडण्यात गेले. पोळ्याले येतो," गोपिका म्हणाली.

पुढे जूनमध्ये अंकुश म्हणाला, "आता बाबा नाई विचारत." गोपिकाला हायसं वाटलं. का विचारत नाहीत, एवढंही तिने विचारलं नाही. त्या हायसं वाटण्याची लाज तिला जन्मभर पुरणार होती.

पोळ्याच्या सुट्टीत मायलेकी गेल्या. नत्थूजी ओसरीवर बसले होते. "आली का बाई," लेकीला म्हणाले. मग आचलकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे पोरगी कोनाची वो?"

अंकुश हळूच म्हणाला, "उन्हाळ्यापासून असंच सुरू हाय. डॉक्टर म्हने, जुनं टिकते. नवं रोज समोर असलं तरच राह्यते."

आचल शाळेत शिकवलं होतं तशी ताठ उभी राहिली आणि आपलं पूर्ण नाव, इयत्ता, गाव एकदाही न अडखळता सांगून मोकळी झाली.

नत्थूजींचा चेहरा खुलला.

"हुशार हाय," ते लेकीला कौतुकाने म्हणाले. "माह्यी नात बी येवढीच हाय. तिले काऊन नाई आनलं?"

आचलने आईकडे पाहिलं.